हॅलोइन मुलांना शिकवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"हॅलोइन म्हणजे त्यांचा भुतांचा सण." बहुतेक मराठी घरांत हा विषय या एका वाक्यावर संपतो. दुसऱ्या टोकाला असतात ते आदल्या रात्री थोडं वाचून आलेले पालक. ते थेट दोन हजार वर्षांपूर्वीच्या केल्टिक लोकांपासून (आयर्लंड-ब्रिटनकडचे प्राचीन लोक) सुरुवात करतात आणि सहा वर्षांचं पोर तिसऱ्या मिनिटाला टेबलाखाली गेलेलं असतं. खरं तर यात माहिती कमी पडत नाही, क्रम चुकतो. मुलाला जे समोर दिसतं तिथून सुरुवात करायची, मग ते हाताने करून बघायचं आणि त्यानंतर ते कुठून आलं हे सांगायचं. हा क्रम उलटा केला की कितीही चांगली माहिती असली तरी ती मुलाच्या डोक्यावरून जाते.

खाली दिलेली पद्धत अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांसाठी आणि तिकडच्या मराठी शाळांसाठी आहे. वयोगट साधारण ५ ते ११. पुण्या-मुंबईतल्या ज्या सोसायट्यांत हल्ली ३१ ऑक्टोबरला मुलं तोंडं रंगवून फिरतात, तिथेही ती चालेल. साहित्य थोडं बदलावं लागेल, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

तयारी: किमान दोन आठवडे आधी

आधी घरातल्या मोठ्यांनी आपसात ठरवायचं. मुलाने "भुतं असतात का?" असं विचारलं तर काय सांगायचं? आईने एक, बाबांनी दुसरं आणि व्हिडिओ कॉलवर आजीने तिसरंच सांगितलं तर पुढचं सगळं मुसळ केरात. उत्तर तुमचं तुम्ही ठरवा, पण सगळ्यांचं एकच असू द्या. धर्माच्या बाबतीतही तसंच. हा सण साजरा करायचा, नुसता समजून घ्यायचा की शाळेपुरता ठेवायचा, हे मुलासमोर वाद घालून ठरवू नका.

मग साहित्य. जगाचा नकाशा किंवा पृथ्वीगोल. तीन रंगांचे कागद (घोटीव कागद असेल तर उत्तम). मोठं सलगम. अमेरिकेत ते 'रुटाबागा' नावाने मिळतं, बाहेरून पिवळट-जांभळं असतं आणि त्यावर मेणाचा थर असतो. महाराष्ट्रात ऑक्टोबरमध्ये मोठं सलगम मिळणं अवघड, तिथे जाडजूड बीट घ्या. हा काही ओढूनताणून काढलेला पर्याय नाही, इंग्लंडच्या सॉमरसेट भागात गुरांच्या चाऱ्याच्या मोठ्या बिटाचे असेच दिवे करत आले आहेत. शिवाय धातूचा मजबूत चमचा, बॅटरीवर चालणारा छोटा दिवा आणि एक साधा मुखवटा लागेल.

तिसरी तयारी थोडी कंटाळवाणी आहे, पण ती टाळू नका. तुम्ही मुलाला जे सांगणार आहात ते एकेका चिठ्ठीवर लिहा आणि त्या चिठ्ठ्यांचे तीन गट करा: पक्कं, गोष्ट आणि 'लोक म्हणतात'. हॅलोइनबद्दल ऑनलाइन जे फिरतं त्यातलं बरंचसं तिसऱ्या गटातलं असतं, पण लिहिलेलं असतं पहिल्या गटाच्या थाटात. कोणती गोष्ट कुठल्या गटात टाकायची ते पुढे येईलच.

> सावधान: ३० ऑक्टोबरला रात्री सुरुवात करू नका. तेव्हा मुलाच्या डोक्यात फक्त कँडी आणि कॉस्च्यूम असतो.

पायरी १: आधी मुलाकडून काढून घ्या

संध्याकाळी उजेड असताना मुलाला घेऊन गल्लीत एक फेरी मारा. कोणाच्या अंगणात काय लावलंय ते त्याला मोजू द्या: भोपळे, सांगाडे, कोळिष्टकं, थडग्याचे दगड, काळी मांजर. घरी आल्यावर त्याने पाहिलेली प्रत्येक वस्तू एकेका चिठ्ठीवर लिहा किंवा त्यालाच काढू द्या. पाच वर्षांच्या मुलाच्या हातून पाच-सहा चित्रं झाली तरी पुष्कळ.

या वेळी तुम्ही काहीही समजावायचं नाही. "हे का असतं?" असं त्याने विचारलं तर "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणा आणि त्याचं उत्तर चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा. ही उत्तरं शेवटी लागणार आहेत.

इथली नेहमीची चूक म्हणजे मुलाने काही चुकीचं सांगितलं की लगेच दुरुस्त करणं. "भोपळ्यात चेटकीण राहते" असं ते म्हणालं, तर म्हणू द्या.

पायरी २: ऋतूपासून सुरुवात करा, भुतांपासून नको

नकाशावर आयर्लंड दाखवा. मग फोनवर ३१ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये सूर्य किती वाजता मावळतो ते मुलालाच शोधू द्या. पाच वाजायच्या आत अंधार. पुण्यात त्याच दिवशी सूर्यास्त सहाच्या आसपास असतो. डिसेंबरचा आकडाही काढायला सांगा, तिथे सव्वाचारच्या आधीच सूर्य जातो. इतक्या उत्तरेला हिवाळा म्हणजे काय, हे एवढ्यानेच मुलाच्या लक्षात येतं. "फार थंडी असते" असं दहा वेळा सांगूनही ते येत नाही.

आता सांगा: तिथे शेती आणि गुरंढोरं सांभाळणारे लोक राहत होते. उन्हाळ्यात गुरं डोंगरावरच्या कुरणात असायची. हिवाळ्याआधी ती खाली आणायची, पीक घरात घ्यायचं आणि पुढचे काही महिने जे साठवलंय त्यावर काढायचे. या वळणावर त्यांचा एक सण असायचा, साविन. तो १ नोव्हेंबरचा, पण त्यांचा दिवस सूर्यास्तापासून सुरू व्हायचा, म्हणून ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच त्याला सुरुवात होई. जुन्या आयरिश कथांमध्ये या रात्री 'पलीकडच्या' जगाचे दरवाजे उघडतात, तिथले लोक इकडे येतात. भुताखेतांचा धागा तिथून येतो. पण मुलाच्या मनात पहिलं चित्र डोंगरावरून उतरणाऱ्या गुरांचं बसू द्या. पहिलं चित्र भुताचं बसलं की पुढे काहीही सांगितलं तरी ते भुताशीच जाऊन चिकटतं.

'साविन'चं इंग्रजी स्पेलिंग वाचून बरेच जण सॅमहेन म्हणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे 'सॅमहेन नावाचा मृत्यूचा देव होता' असं सांगतात. असा कोणताही देव नव्हता. ही चिठ्ठी कुठल्याच गटात टाकू नका, केराच्या टोपलीत टाका.

> तपासा: "हा सण त्याच वेळी का?" असं मुलाला विचारा. उत्तरात हिवाळा, गुरं किंवा पीक यांपैकी काहीतरी आलं पाहिजे. नुसतं "कारण भुतं येतात" असं आलं, तर नकाशा पुन्हा उघडा.

पायरी ३: सलगमचा दिवा

सगळ्या पद्धतीत मुलांच्या सर्वांत जास्त लक्षात राहणारी पायरी हीच, म्हणून तिला एक पूर्ण दुपार द्या. भोपळा नंतर कोरायचाच आहे, पण आधी सलगम. क्रम उलटा केला तर सलगमला कोणी हातही लावणार नाही, कारण ते कोरायला भयंकर चिवट असतं. आणि मुलाच्या हाताला कळायला हवं ते नेमकं हेच.

वरचा भाग टोपीसारखा कापून बाजूला ठेवा. मेणाचा थर असेल तर साल खरवडून काढा, नाहीतर हातातून सटकतं. खालचं टोक थोडं सपाट करा, म्हणजे सलगम उभं राहील. टोकदार सुरीने आतल्या गरावर चौकटीसारखे काप द्या आणि मग चमच्याने एकेक तुकडा उकरून काढा. सुरी मोठ्यांच्या हातात, चमचा मुलाच्या. कडेची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाडीची राहिली की थांबा. त्याहून पातळ केली तर चेहरा कापताना तडकते, जाड ठेवली तर उजेड बाहेर येत नाही. डोळे आणि तोंड मुलाने पेनने काढायचं, मोठ्यांनी कापायचं. काढलेला गर फेकू नका, बटाट्यासारखी त्याची भाजी होते.

दिवे मालवून आत बॅटरीचा दिवा ठेवा. सलगमचा चेहरा भोपळ्यासारखा हसरा दिसत नाही. लहान, सुरकुतलेला, पिवळट उजेडाचा दिसतो आणि दोन-चार दिवसांत वाळून आक्रसला की आणखीच विचित्र होतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यात टर्लो पार्क इथे ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे डोनेगलच्या फिनटाउन गावातल्या अशाच एका जुन्या सलगम-भुताचा प्लास्टरचा साचा ठेवला आहे. त्याचा फोटो शोधून मुलाला दाखवा आणि स्वतःचं सलगम शेजारी ठेवू द्या.

मग भोपळा समोर आणा. मऊ, मोठा, आतून अर्धा पोकळ. विचारा: "तू आयर्लंडहून अमेरिकेला आला असतास तर काय कोरलं असतंस?" १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं, मोठा दुष्काळ पडला आणि लाखो माणसं जहाजांनी अमेरिकेला आली. भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. बोटं दुखत असलेल्या मुलाला पुढचं सांगावं लागत नाही.

> सावधान: सलगममध्ये खरी मेणबत्ती लावली तर आतला गर करपतो आणि वास घरभर होतो. बॅटरीचाच दिवा वापरा. फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर दिवा काढून ठेवा.

पायरी ४: तीन रंगांच्या पट्ट्या

हिरवी पट्टी: आयर्लंड आणि स्कॉटलंडचे शेतकरी. पांढरी: चर्च. नारिंगी: अमेरिका आणि कॅनडा. तिन्ही भिंतीवर एकाखाली एक लावा आणि पहिल्या फेरीत जमवलेल्या चिठ्ठ्या मुलाला त्यांवर चिकटवू द्या.

हिरव्यावर जातं साविन, सलगम, हिवाळा आणि वेष घेऊन दारोदार जाणं.

पांढऱ्यावर १ नोव्हेंबरचा सर्वसंतांचा सण आणि २ नोव्हेंबरचा सर्व मृतात्म्यांचा दिवस. हॅलोइन म्हणजे त्या सर्वसंतांच्या सणाची आदली संध्याकाळ. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी रोममध्ये सर्व संतांसाठी एक प्रार्थनागृह अर्पण केलं आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबर ही तारीख युरोपात बऱ्याच भागांत रूढ झाली.

नारिंगीवर भोपळा, विकतचे कॉस्च्यूम, कँडी आणि 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) ही आरोळी. ही आरोळी १९२०च्या दशकात कॅनडातल्या वर्तमानपत्रांत दिसायला लागते. म्हणजे आजीच्या आजीच्या काळातली, द्रुइडांच्या (केल्टिक लोकांच्या पुरोहितांच्या) काळातली नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखर रेशनवर होती. रेशन उठल्यानंतरच कँडी मागत फिरण्याची प्रथा देशभर पक्की बसली.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, "चर्चने केल्टिक लोकांचा सण पळवला" असं ठासून सांगणं. ऐकायला हे चटकदार आहे, पण तेवढं सरळ नाही. आयर्लंडच्या जुन्या चर्चमध्ये सर्वसंतांचा सण एप्रिलमध्ये पाळल्याच्या नोंदी आहेत, आणि नोव्हेंबरची तारीख युरोपच्या दुसऱ्या भागांतून आलेली दिसते. ही चिठ्ठी 'लोक म्हणतात' गटात. दुसरी, "द्रुइड प्राण्यांची कातडी पांघरून नाचायचे, म्हणून आपण कॉस्च्यूम घालतो." द्रुइडांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही. साविनबद्दल आपल्याला जे कळतं ते पुष्कळ नंतर ख्रिस्ती मठांतल्या लेखकांनी उतरवलेल्या कथांमधून. वेष घेऊन फिरण्याच्या नोंदी मिळतात त्या स्कॉटलंडमध्ये, सोळाव्या शतकापासून. तिसरी चूक, "दोन हजार वर्षं हे सगळं असंच चालू आहे." नारिंगी पट्टी भिंतीवर असताना हे वाक्य निघायलाच नको.

सात वर्षांखालच्या मुलांना पोपची नावं आणि शतकं सांगू नका. तीन रंग कळले की झालं. दहाच्या पुढच्या मुलांना मात्र हे वाद जरूर सांगा, "मग खरं कसं कळणार?" हा प्रश्न त्यांना आवडतो.

पायरी ५: जॅकची गोष्ट, आणि ती गोष्टच आहे हे सांगणं

कंदिलाची आयरिश गोष्ट थोडक्यात अशी. जॅक नावाचा एक चिक्कू, बेरकी माणूस. सैतान त्याला न्यायला आला तेव्हा याने त्याला सफरचंद तोडायला झाडावर चढवलं आणि बुंध्यावर क्रूस कोरून ठेवला. सैतान वर अडकला. "माझा आत्मा कधीच नेणार नाहीस असं वचन दे, मग उतरवतो." सैतानाने दिलं. पुढे जॅक म्हातारा होऊन मेला. स्वर्गाच्या दारातून त्याला हाकललं, तो नरकाच्या दाराशी गेला, तर सैतान म्हणाला, "वचन म्हणजे वचन, तुला घेता येत नाही." "मग या अंधारात जाऊ कुठे?" सैतानाने एक निखारा फेकला. जॅकने तो कोरलेल्या सलगममध्ये ठेवला आणि तेव्हापासून तो फिरतोच आहे.

ही गोष्ट दिवा करून झाल्यावरच सांगा, आधी नाही. आणि "म्हणून लोक कंदील करतात" असा शेवट करू नका. अंधाऱ्या रात्री पोरांनी सलगम कोरून त्यात उजेड केला आणि एकमेकांना घाबरवलं, याला गोष्टीची गरज नाही. गोष्ट नंतरही जोडली जाते. मूल विचारेल, "हे खरं का?" तेव्हा 'गोष्ट' गटाची चिठ्ठी त्याच्याच हातात द्या आणि त्यालाच टाकू द्या.

पायरी ६: दारावर जाण्याचा सराव

कँडी मागणं हा सणाचा सर्वांत लाडका भाग, आणि सर्वांत कमी समजावलेला. त्याची दोन जुनी रूपं मुलांकडून करवून घ्या.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला गरीब माणसं आणि मुलं घरोघर जात, मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचं कबूल करत आणि त्या बदल्यात छोटे गोड केक घेत. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुलं वेष घेऊन जात आणि दारात गाणं, कविता किंवा विनोद सादर करत. मग हातावर सफरचंद, अक्रोड-बदाम किंवा नाणं पडे. फुकट काही नाही. भोंडल्याला घरोघर गाणी म्हणून मग खिरापत ओळखण्याची सवय असलेल्या आईला हे पटकन कळेल, मुलीलाही त्याच वाटेने समजावता येईल.

तेव्हा घरातच एका खोलीचं दार बंद करा. मुलाने थाप मारायची. कोडं, श्लोक, बालगीत, काहीही म्हणायचं आणि मग एक सफरचंद मिळवायचं. दोन-तीन फेऱ्यांनंतर विचारा, "आणि आता बाहेर काय म्हणतात?" 'ट्रिक ऑर ट्रीट' मधल्या ट्रिकचं मूळही इथेच सांगा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोरं या रात्री फाटकं उचलून नेणं, गाड्या उलट्या करणं असले उद्योग करत. गावांनी वैतागून मिरवणुका आणि पार्ट्या सुरू केल्या. मिनेसोटातल्या अनोका गावात १९२० मध्ये अशीच मिरवणूक निघाली, आणि ते गाव आजही त्याचा अभिमान मिरवतं.

बाहेरचे नियमही याच सरावात घ्या. ज्या घराच्या ओसरीवरचा दिवा बंद आहे तिथे थाप मारायची नाही. एक-दोनच कँड्या घ्यायच्या, वाटी उपडी करायची नाही. दारावर निळसर-हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी खेळणं किंवा स्टिकर मिळतो, ज्यांना खाण्याची ॲलर्जी आहे त्या मुलांसाठी. आणि थँक यू म्हणून निघायचं.

> तपासा: लाजाळू मुलाला दारात उभं राहून एक वाक्य मोठ्याने म्हणता येतंय का? नसेल तर बाहेर मोठ्या भावंडाबरोबर पाठवा. ढकलू नका.

पायरी ७: भीती

मुखवटा मुलाच्या समोर, उजेडात घाला आणि समोरच काढा. "बघ, आतून मीच." मग त्याला आरशासमोर घालू द्या. मागून येऊन भॉक करणं हा मोठ्यांचा विनोद आहे, चार-पाच वर्षांच्या मुलाचा नाही. काही अंगणांतले हलणारे, किंचाळणारे सांगाडे मोठ्यांनाही दचकवतात. ती घरं पहिल्या फेरीतच हेरून ठेवा आणि त्या रात्री दुसऱ्या बाजूने जा. मुलाला जायचंच नसेल तर दारात बसून कँडी वाटायचं काम द्या. बऱ्याच मुलांना ते जास्त आवडतं.

थडग्याचे दगड आणि सांगाडे पाहून मुलं मरणाबद्दल विचारतात, हे धरूनच चाला. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर हमखास. "आजी भूत झाली का?" या प्रश्नावर हसून विषय बदलू नका. "भूत ही गोष्ट आहे. आजी गेली, हे खरं आहे." एवढं सरळ उत्तर पुरतं, त्यापुढचं मूल स्वतः विचारेल.

पायरी ८: आपल्या सणांशी जुळवणी

ही पायरी मुद्दाम इतक्या उशिरा. बहुतेक पालक इथूनच सुरुवात करतात, "हॅलोइन म्हणजे त्यांचा पितृपक्ष". हे वाक्य सुटसुटीत आहे आणि बरंचसं चूक. पितृपक्षात आपण आपल्या माणसांना नावाने आठवतो, तिथी पाळतो, पान वाढतो, कावळ्याला घास ठेवतो. आजच्या हॅलोइनमध्ये आपल्या मेलेल्या माणसाला कोणी नावाने आठवत नाही.

आठवतात ते दोन दिवसांनी. २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबं कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी दफनभूमीत हेच चित्र दिसतं. मुलाच्या वर्गात मेक्सिकन मित्र असेल तर त्याच्या घरचा मृतांचा दिवसही याच सुमाराचा, १ आणि २ नोव्हेंबरचा. घरात फोटो मांडून वेदी करतात, साखरेच्या कवट्या, खास गोड पाव आणि झेंडूची फुलं ठेवतात. तो 'मेक्सिकन हॅलोइन' नाही, असं मुलाला स्पष्ट सांगा, नाहीतर मित्रासमोर तेच बोलून येईल. सहज म्हणून: दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचाच.

एका कागदावर 'सारखं' आणि 'वेगळं' असे दोन रकाने करा. दोन्ही रकाने भरले गेले पाहिजेत. कोणता सण चांगला, हा रकाना नको.

पायरी ९: ३१ तारखेची संध्याकाळ

खाण्याचं काही करायचं असेल तर बार्मब्रॅक, म्हणजे मनुका घातलेला आयरिश गोड पाव करा. तीनशे ग्रॅम मनुका-बेदाणे दीड कप गार केलेल्या कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजवा. सकाळी सव्वादोनशे ग्रॅम सेल्फ रेझिंग पीठ, सव्वाशे ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं आणि चमचाभर दालचिनी-जायफळाची पूड घालून १७० अंश सेल्सिअसवर तासभर भाजा. मधोमध सळई खुपसून ती कोरडी बाहेर आली की झालं. त्यात पूर्वी अंगठी, नाणं, चिंधी असं लपवत. अंगठी आली तर लवकर लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी. लहान मुलं असतील तर आत काही लपवू नका, घशात अडकेल. कागदाच्या चिठ्ठ्या ताटलीखाली ठेवल्या तरी तीच मजा.

बाहेर पडताना कॉस्च्यूम घोट्याच्या वर असावा, पायात येऊ नये. मुखवट्याने बाजूचं दिसत नाही, त्यापेक्षा चेहरा रंगवा. रंग आदल्या दिवशी मनगटाला लावून बघा. हातात टॉर्च, पाठीवर चमकती पट्टी. त्या रात्रीचा खरा धोका म्हणजे गाड्या. अनोळखी माणूस कँडीत विष घालतो ही भीती दरवर्षी फिरते, पण एका अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी कँडीने मूल दगावल्याची एकही पक्की नोंद नाही. तेव्हा मुलाला शेजाऱ्यांची भीती घालू नका, रस्ता ओलांडायची शिस्त लावा.

घरी आल्यावर पिशवी टेबलावर ओता आणि वेष्टनं बघा. उघडलेलं, फाटलेलं बाजूला. शेंगदाणे किंवा सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर घटक वाचल्याशिवाय काही द्यायचं नाही. शाकाहारी घरांनी गमी आणि मार्शमेलोवर खास नजर ठेवावी, त्यांत बहुधा जिलेटिन असतं. ते मित्रांशी बदलून घेता येतं, रडारड होत नाही.

पायरी १०: तारीख उलटल्यावर

१ किंवा २ नोव्हेंबरला मुलाला भारतातल्या आजी-आजोबांना फोनवर हॅलोइन समजावून सांगायला लावा. मध्ये बोलू नका. सलगम, हिवाळा आणि 'काही आयर्लंडचं, काही चर्चचं, काही अमेरिकेचं' यांपैकी दोन गोष्टी आल्या तर काम झालं. आजीने "म्हणजे भुतांचा सण ना रे?" असं विचारल्यावर मूल काय म्हणतं तेही ऐका. गडबडलं तर पुन्हा व्याख्यान देऊ नका, भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बोट दाखवा. पहिल्या दिवशी चिठ्ठ्यांच्या मागे लिहिलेली त्याची उत्तरं आता त्याच्याकडूनच वाचून घ्या आणि कोणतं बदलायचं ते त्यालाच ठरवू द्या.

भोपळ्यातलं मेण काढून तो कंपोस्टमध्ये टाका. रंगवलेला असेल तर कचऱ्यात. सलगम वाळवून ठेवायचं असेल तर हवेशीर कपाटावर, कागदावर उघडं ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं तर दोन दिवसांत बुरशी येते.